कुंपणाबाहेरचं पहिलं वर्ष

१४ मे

आई,

आई. आई. तीनदा लिहिलं आणि कुणी हटकलं नाही. सात वर्षांची झाल्यापासून तुला चारचौघांत ‘थोरली ताई’ म्हणत आले, आवारातल्या सगळ्याच बायकांना म्हणतात तसं. आता कागदावर का होईना, हौस फेडून घेते.

मी बरी आहे. धडधाकट आहे, गालांवर मांस चढलंय. हे तुला कधीचं कळवायचं होतं, पण आवारात येणारं प्रत्येक पाकीट आधी थोरल्यांच्या टेबलावर फुटतं, हे तुलाही माहीत आणि मलाही. परवा बाजाराच्या कोपऱ्यावर दूधवाले काका दिसले. मला बघून त्यांनी गाडी भररस्त्यात उभी केली. मागून भोंगे वाजायला लागले तरी हलेनात. म्हणाले, "अगं, तुझी आई रोज माझ्या तोंडाकडे बघते आणि काही विचारत नाही. ती विचारत नाही म्हणून मी सांगत नाही. असं किती दिवस चालायचं?"

तर हे पत्र ते मागच्या दाराशी कॅन उतरवताना तुझ्या हातात देतील. वाच आणि चुलीत घाल. उत्तर तोंडी दे. काका म्हणतात त्यांची स्मरणशक्ती दांडगी आहे, बायकोने लग्नाच्या वर्षी काय काय ऐकवलं तेसुद्धा पाठ आहे.

आणि त्यांच्यावर राग धरू नकोस. मी निघाले त्या दिवशी त्यांना न विचारता गाडीत कॅनच्या मधे बसले होते. मोठा रस्ता लागल्यावर त्यांना आरशात माझं डोकं दिसलं. मग म्हणाले, "पुढे येऊन बस. कॅन कलंडतील."

मी का गेले ते तुला माहीत आहे. प्रार्थनेत हसू फुटलं म्हणून मला मौनात टाकलं, आणि अख्खा पावसाळा माझ्याशी कुणी बोलायचं नाही असं ठरलं. तूही बोलली नाहीस. पण सूप वाढताना माझ्या वाडग्यावर डाव दोनदा आपटायचीस. दुसऱ्या कुणाच्या वाडग्यावर आपटत नव्हतीस, मी लक्ष ठेवून होते. तेवढ्यावर मी तो पावसाळा काढला.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माझी खोली आहे. दाराला आतून कडी आहे, आई! पहिले काही दिवस कडी लावली की जीव घाबरायचा आणि काढली की त्याहून जास्त. आता लावते आणि झोपते. काम शिवणाचं मिळालंय. कसले कपडे शिवते ते नंतर सांगेन. एकदम सगळं नको.

तुझी खारू

५ जून

आई,

काकांनी तुझा निरोप जसाच्या तसा दिला, तुझ्या आवाजाची नक्कल करून. "जेवते का? केस विंचरते का? खोकला नाही ना?"

जेवते. विंचरते. खोकला नाही.

खोकल्याचं का विचारलंस ते मला कळलं. दोघीही ते शब्द टाळतोय, म्हणून मीच लिहून टाकते. कुंपण ओलांडणाऱ्याचा श्वास वर्ष सरायच्या आत थांबतो. शेवटच्या दिवशीचा सूर्य त्याला मावळलेला दिसत नाही. तू मला हे मांडीवर घेऊन सांगायचीस, केसांतून हात फिरवत. "घाबरू नको, आपण कुठे ओलांडणार आहोत?" म्हणायचीस. म्हणून तर ते वाक्य निघता निघत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर एव्हाना थुंकून टाकलं असतं.

मी काकांना सुतारदादांबद्दल विचारलं. आठवतात ना? ते कुंपण ओलांडून गेल्यावर आठ महिन्यांनी थोरल्यांनी त्यांचा मृत्यू जाहीर केला आणि आपण सगळ्यांनी उपास केला. काका खो खो हसायला लागले. म्हणाले, "तो? पलीकडच्या गावात टायरचं दुकान काढलंय. पोट इतकं सुटलंय की स्वतःचे बूट दिसत नाहीत."

म्हणजे आपला उपास फुकट गेला.

पण खरं सांगू? हे ऐकून मी काकांबरोबर पोट धरून हसले, आणि जिना चढताना पुन्हा मनात तेच. त्यांचं चुकून राहिलं असेल. माझं नाही राहायचं. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच. डोक्याला पटलेली गोष्ट छातीपर्यंत उतरायला जिना फार लांब आहे.

तू मात्र काळजी करू नकोस. करशीलच. तरी थोडी कमी कर.

तुझी खारू

११ जुलै

आई,

आता कामाचं सांगते. उभी असशील तर बस.

आमच्या दुकानात नाटकांना, शाळांना, मिरवणुकांना पोशाख भाड्याने देतात. राजे, राण्या, शिपाई, अस्वलं, म्हाताऱ्या, चोर. फाटलेलं शिवायचं, सैल झालेलं आवळायचं, नवीन मागणी आली की नवीन बेतायचं. दुकान मास्तरांचं आहे. साठीचे आहेत, गळ्यात कायम मापाची टेप, आणि तोंडात टाचण्या असतानाही बोलतात. दुसरी आहे बटणवाली. ती माझ्याच वयाची आहे. बटणं, हूक, काजं तिच्याकडे. दिवसभर गाते, आणि एकाही गाण्याचे शब्द तिला पूर्ण येत नाहीत. पहिल्या आठवड्यात मी कानांत कापूस घालून बसायचे. आता विसरलेला शब्द मीच पुरवते.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी माझ्यासमोर काय टाकलं असेल? एक लालभडक अंगरखा. शिंगांची टोपी. आणि उसवलेली शेपूट. आवारात ज्याचं नावसुद्धा काढत नाहीत, फक्त ‘तो’ म्हणतात, तो माझ्या मांडीवर! मी पांढरीफटक पडले. मास्तरांनी बघितलं. टाचण्या तोंडातून काढल्या आणि म्हणाले, "घाबरू नको. दोन वर्षं झाली, त्याला कुणी भाड्याने नेलेलं नाही. बेकार आहे बिचारा."

मी डोळे अर्धवट मिटून शेपूट शिवली. रात्रभर तळहात दुखत राहिले. कशाने ते तूच समज. सकाळी बटणवालीने हात बघितला आणि म्हणाली, "सुई किती घट्ट धरतेस गं! पळून जातेय का ती?"

दुसरी गोष्ट आरशांची. इथे चारी भिंतींना आरसे आहेत. आवारात आरसा नाही, त्यामुळे मी स्वतःला खिडकीच्या काचेत नाहीतर पाण्यात पाहिलेलं. इथे पहिल्या दिवशी खाली मान घालून फिरले. मग एकदा मान वर झाली आणि समोर तू! म्हणजे मीच. मी नाकाने तुझ्यावर गेलेय, हे मला कुणीच कसं सांगितलं नाही? आता तुझी आठवण आली की आरशापुढे उभी राहते आणि नाकाला बघते. बटणवालीला वाटतं मी फार नटवी आहे.

आणि एक. मास्तर विचारतात, "आत अस्तर कुठलं लावू या? निळं की करडं?" आणि मी उभी ती उभीच. कुणाची परवानगी घ्यायची तेच कळत नाही. एक दिवस ते वैतागले. "अगं बोल ना. चुकलीस तर उसवू. कात्री कशाला ठेवलीय?"

निळं लावलं. वाईट दिसलं. उसवलं. आभाळ कोसळलं नाही.

तुझी खारू

२ ऑगस्ट

आई,

"लाल अंगरख्याला हात लावलास की साबणाने हात धू." पोचलं. धुते.

आणि काका म्हणाले की हा निरोप सांगून झाल्यावर तू विचारलंस, "पण तो पोशाख भाड्याने घेतं तरी कोण?" आणि मग तोंडावर हात ठेवून हसलीस. मी काकांना तीनदा विचारलं, खरंच हसली? ते म्हणाले, "अगं, दुधाच्या कॅनवर पालथी पडायची राहिली."

आज दिवसभर मी उगाच खूश आहे. टाके सगळे सरळ पडले.

तुझी खारू

१९ सप्टेंबर

आई,

मधे पत्र नव्हतं. कारण सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू काकांना "तिचं काहीतरी बिनसलंय" असं म्हणालीस, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. तुझ्यापासून काय लपलंय आजवर!

मागच्या महिन्यात समोरच्या फुटपाथवर आवारातले दोघे येऊन उभे राहिले. तेच करडे कोट, तेच हात मागे बांधलेले. काही केलं नाही त्यांनी. नुसते दुकानाकडे बघत होते. मास्तर बाहेर गेले आणि म्हणाले, "कुठला पोशाख हवाय? अस्वल शिल्लक आहे. अनामत आधी लागेल." ते दोघे निघून गेले. बटणवाली हसून हसून लोळली. मीही हसले.

घरी आले, जिना चढायला लागले आणि मधल्या पायरीवर श्वास थांबला. खरंच थांबला, आई. आत जाईना, बाहेर येईना. हात गार पडले. वाटलं, आली वेळ. थोरल्यांनी वर्ष भरायच्या आधीच गाठलं. सायकलवाल्याने मला धरून खाली आणलं आणि तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई होत्या. पाठीला, छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "फुप्फुसं घोड्यासारखी आहेत तुमची." मी म्हटलं, "मग मी सोंग करतेय का?" त्या म्हणाल्या, "छे! भीतीनेही श्वास अडकतो. तो खोटा नसतो. फक्त त्याने माणूस मरत नाही." मग त्यांनी मला शिकवलं. पाय जमिनीवर दाबायचे, श्वास सावकाश सोडायचा, आणि समोर दिसतील त्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. पलंग. बादली. दिवा. पहिल्यांदा केलं तेव्हा सायकलवाल्याला वाटलं मी सामानाची यादी देतेय, तो म्हणाला, "बादली आहे माझ्याकडे, देऊ का?"

शेवटी त्यांनी विचारलं, "हे मरायचं तुमच्या मनात कुणी भरवलं?" मी म्हटलं, "माझ्या आईने." त्यांचा चेहरा असा काही झाला की मला त्यांचाच राग आला. मी सांगितलं, तुम्हाला माहीत नाही. माझे बाबा गेले तेव्हा नातेवाईक चार दिवसांत पांगले. आवारातली माणसं गरम सूप घेऊन दारात आली आणि गेली नाहीत. पदरात लहान मूल असलेल्या बाईने सूप घेतलं, त्यात तिचं काय चुकलं? आणि ती मला घाबरवत नव्हती हो. ती स्वतः घाबरलेली होती, आणि तिच्याजवळ होतं ते सगळं तिने मला दिलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे तुम्ही आईला सांगितलंय का?"

आता सांगितलं.

तुझी खारू

२९ ऑक्टोबर

आई,

मी आहे.

हे पत्र काकांना धावत नेऊन द्या म्हणून सांगितलंय. ते म्हणाले, "गाडी धावेल, मी नाही." पण तुझ्या जिवाची काय घालमेल चालली असेल, ते मला माहीत आहे.

काल वर्ष पुरं झालं. आता कसं झालं ते सांगते. आदल्या दिवशी मी माझं सगळं काम उरकलं. अर्धवट कपडे पूर्ण करून घड्या घातल्या, कात्र्या पुसून ठेवल्या, दुकानाची किल्ली मास्तरांपुढे ठेवली. मास्तर म्हणाले, "का गं, परदेशी निघालीस?" मग सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "उद्या लवकर ये. एका शाळेची मागणी आलीय, सशांचे कान करायचेत. अख्खा वर्ग ससा झालाय. तुला मरायला फुरसत मिळणार नाही."

आणि खरंच नाही मिळाली. पांढरं कापड, आत गुलाबी, मधे तार. दिवसभर कान, कान आणि कान. बटणवाली माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली ती हललीच नाही. पाणी प्यायलासुद्धा मला घेऊन जायची. तिला मास्तरांनी सांगितलं होतं हे उघड होतं, पण ती आव असा आणत होती की जणू तिला आजच माझी फार आठवण आलीय.

दुपार कलली तसं माझं लक्ष सारखं खिडकीकडे जायला लागलं. तार दोनदा बोटात घुसली. पाय जमिनीवर दाबले, नावं घ्यायला लागले. कात्री. रीळ. कान. कान. कान. बटणवालीने काही न विचारता माझ्याबरोबर सुरू केलं. "मास्तरांचं टक्कल. मास्तरांचा चष्मा. मास्तरांचं पोट."

"मी ऐकतोय," मास्तर आतून म्हणाले.

सूर्य पाण्याच्या टाकीमागे उतरायला लागला तेव्हा मी उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. पाठ फिरवून बसणं मला जमेना. यायचंच असेल तर समोरून येऊ दे. मास्तर आणि बटणवाली मागे येऊन उभे राहिले आणि रस्त्यावर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय अशा थाटात इकडेतिकडे बघायला लागले. टाकीच्या कडेला उजेड राहिला, मग कडही विझली. रस्त्यावरचे दिवे लागले.

बटणवाली म्हणाली, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

मास्तर म्हणाले, "मग आत चला. अजून अर्धा वर्ग बिनकानाचा आहे."

मला वाटायचं, त्या क्षणी मी आनंदाने नाचेन. तसं नाही झालं. मी कानांच्या ढिगावर डोकं ठेवून रडले, आणि ते रडणं रागाचं होतं. सूर्य रोज मावळत होता, आई. साधा मावळत होता. आणि तू आणि मी इतकी वर्षं त्याच्याकडे बघायला भीत होतो.

बटणवाली पाठ थोपटत राहिली. मग तिने दोन कान माझ्या डोक्यावर बसवले. आरशात बघितलं तर तुझं नाक आणि सशाचे कान. हसू आवरेना. कुणी मौनात टाकलं नाही.

तुझी खारू

२३ नोव्हेंबर

आई,

तू परत गेल्यापासून मी खोलीत तुझ्या वासाभोवती फिरतेय.

पत्रात परत हे सगळं लिहायची गरज नाही, तू तिथेच होतीस. पण मला लिहायचंय. तू जन्मात पहिल्यांदा खोटं बोललीस, आणि बोललीस ते केवढं! काका अजून फुरंगटलेले आहेत. "माझं दूध आंबट! अख्ख्या स्वयंपाकघरासमोर म्हणाली! डेअरीत जाऊन स्वतः बघते म्हणाली!" मी म्हटलं, काका, तिला दुसरं कारण सुचलं नसेल. ते म्हणाले, "पाणी घातलंय म्हणायचं. ते निदान कुणालाही पटलं असतं."

तू गाडीतून उतरलीस तेव्हा मी ओळखलंच नाही. इतकी लहान कधी झालीस? मी पुढे आले तर तू आधी माझ्या छातीवर हात ठेवलास आणि तसाच ठेवून उभी राहिलीस. श्वास मोजत होतीस ना? मोजू दिला मी. मग तू मला ‘अगं’ म्हणालीस, आणि मी रस्त्यात सगळ्यांसमोर मोठ्याने ‘आई’ म्हटलं, आणि सायकलवाला उगाचच डोळे पुसायला लागला.

मास्तर तुला ‘या वहिनी’ म्हणाले तेव्हा तू लाजलीस. नाही म्हणू नकोस. आणि तो लाल अंगरखा! मी तो लपवून ठेवणार होते. पण तू दुकानभर फिरत फिरत नेमकी त्याच्यापुढे उभी. बटणवाली आणि मी श्वास रोखून बघतोय. तू हात पुढे केलास, मागे घेतलास, पुन्हा पुढे केलास. मग शेपूट उलटी करून पाहिलीस आणि म्हणालीस, "ही तुझी शिवण? असे टाके मी शिकवले तुला?" आणि खाली बसून ती उसवलीस आणि पुन्हा लावलीस. मास्तर नंतर म्हणाले, "आता ही शेपूट जन्मात निघणार नाही."

हात धुवायला विसरलीस, सांगून ठेवते.

तू राहतेस का, म्हणून मी विचारलं. एकदाच विचारलं, कारण तुझा चेहरा बघवेना. आवारातल्या त्या दोन आजारी आज्यांना कोण भरवणार, म्हणालीस. मला वाटलं होतं मला राग येईल. आला नाही. तू जिला भरवायला घेतेस तिला सोडत नाहीस, हे मला माहीत नाही तर कुणाला?

पण गाडीत चढताना तू थांबलीस. स्वतःच्या छातीवर हात ठेवलास आणि मला हळूच विचारलंस, "सकाळपासून बाहेर आहे गं मी. मला तर काही झालं नाही ना?"

"नाही झालं, आई."

"बघ ना नीट."

मी नीट बघितलं.

एक कबूल करते. आता मला माझ्या श्वासाची भीती वाटत नाही. कधीमधी जिन्यावर येते ती, जुन्या ओळखीच्या बाईसारखी, आणि मी तिला बादली, दिवा असं ऐकवते, मग जाते. आता भीती वाटते ती साधी. तुझे गुडघे, ती निसरडी फरशी, तो जड डाव. सगळ्या मुलींना आईबद्दल वाटते तसली. मला ती वाटते म्हणून बरं वाटतं, हे तुला कळेल का?

तुझी खारू

१७ डिसेंबर

आई,

धाकटी आजी गेल्याचं कळलं. तुझ्या हातून घास घेत गेली, काकांनी सांगितलं. आणि दुसऱ्या आजीला तिचा भाचा येऊन घेऊन गेला. तू दोन दिवस रिकाम्या खोलीत झाडू मारत होतीस म्हणे. मी असते तर शेजारी बसले असते, काही न बोलता.

आज सकाळी काका आले ते कॅन न उतरवताच दुकानात शिरले. म्हणाले, "निरोप आहे, आणि या वेळी मी नक्कल करणार नाही." मग टोपी काढून उभे राहिले आणि सांगितलं. "तिला म्हणावं, खोलीत आणखी एक गादी मावते का ते बघून ठेव."

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जा."

मावते, आई. कपाट सरकवलं. खिडकीकडची बाजू तुझी.

तुझी खारू